आधी शाळा की आधी घर?

मुलांना घेऊन परदेशी निघालेले आईबाप समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: आधी शाळा बघायची की आधी घर? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो जरा उशिरा बाहेर पडतो: आपण मुलांचं नुकसान तर करत नाही ना? पहिल्याचं उत्तर माहितीतून मिळतं. दुसऱ्याचंही तिथेच शोधायला गेलं की रात्रीचे दोन वाजले तरी लॅपटॉप मिटत नाही.

गेल्या वर्षीचं एक कुटुंब सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवऱ्याला इंग्लंडमध्ये, रेडिंगला नोकरी लागली आणि जानेवारीत तो एकटा पुढे गेला. बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि साडेसहा वर्षांचा मुलगा मागे राहिले. बेत असा होता की मुलांचं वर्ष पुरं करायचं, मे-जून आजोळी काढायचे आणि ऑगस्टमध्ये जायचं. बाईंनी माझी वेळ घेतली ती झोप लागत नाही म्हणून.

पहिल्याच ऑनलाइन भेटीत त्यांनी एक एक्सेल शीट उघडून दाखवली. शाळांची नावं, ऑफस्टेडचं (तिथल्या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं) रेटिंग, निकाल, आसपासचं घरभाडं, स्टेशनपासूनचं अंतर, ‘आपले लोक’ आहेत की नाहीत. ‘आउटस्टँडिंग’ शाळा हिरव्या रंगात, ‘गुड’ पिवळ्या, बाकीच्या लाल. काम इतकं नेटकं होतं की मी मनापासून दाद दिली. मग विचारलं, “यातल्या कुठल्या शाळेत तुमच्या मुलीच्या वर्गात जागा आहे?”

तो रकानाच नव्हता.

इथे पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मी काळजी पद्धत न कळल्यामुळे असते. (हे फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.) रिसेप्शन (शाळेचा पहिला वर्ग) किंवा इयर सेव्हनच्या (माध्यमिकचा पहिला वर्ग) नेहमीच्या प्रवेशफेरीत जागांपेक्षा अर्ज जास्त आले की शाळेचे जाहीर निकष लागतात. भावंड त्याच शाळेत आहे का, घर किती जवळ आहे, असे. म्हणून तर जो तो सांगतो, कॅचमेंटमध्ये, म्हणजे शाळेच्या ठरलेल्या हद्दीत, घर घ्या. पण मधल्याच इयरमध्ये जाणाऱ्या मुलाचा अर्ज ‘इन-इयर’ असतो. त्याच्या इयरमध्ये जागा रिकामी असेल तर ती मिळते. नसेल तर शाळेच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं तरी मिळत नाही. लहान वर्गांना तर कायद्याचीच मर्यादा आहे: रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलं. वेटिंग लिस्टवर नाव घालता येतं, पण तिथे आधी आला तो पुढे असं नसतं. यादीही त्याच निकषांवर लागते, त्यामुळे आज तिसरं असलेलं नाव पुढच्या महिन्यात पाचवं होऊ शकतं.

आणि त्या हिरव्या रकान्यांचं काय? २०१२ ते २०२० या काळात ‘आउटस्टँडिंग’ ठरलेल्या शाळांना ऑफस्टेडच्या नियमित तपासणीतून सूट होती. म्हणजे काही शाळांच्या पाटीवरचं ते विशेषण दहा वर्षांहून जुनं होतं. मुख्याध्यापक बदलले, शिक्षक बदलले, पाटी तशीच. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दाचा एकूण शेरा देणंच बंद झालं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींवर स्वतंत्र शेरे असलेलं रिपोर्ट कार्ड आलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सल्ल्यांत मात्र जुने शेरे अजून फिरतात. ऑफस्टेडचा अहवाल वाचू नका असं मी कुणालाच सांगत नाही. तारीख बघून वाचा, आणि शेऱ्यापेक्षा मजकूर वाचा, एवढंच म्हणते.

हे सगळं ऐकून बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे चार महिने मी केलं ते काय?”

चार महिने त्यांनी स्वतःला शांत ठेवलं होतं. ती शीट म्हणजे त्यांची झोपेची गोळी झाली होती, आणि आता तिचा असर कमी होत चालला होता. मुलीला आठवीतून उचलून नेतोय ही टोचणी होती. शाळा सगळ्यात चांगली मिळाली तर ती टोचणी फिटेल असा मनातला हिशोब होता. तो त्यांनी कधी उघड मांडला नव्हता, आणि नवऱ्यापुढे तर नाहीच, कारण नोकरी त्याची होती.

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. पुढच्या भेटीत तो तिकडून आणि बायको इकडून, अशी दोघं स्क्रीनवर होती. तो म्हणाला, “आपल्याच लोकांत राहायचं तर इतक्या लांब यायचं कशाला?” त्याला इंडियन वस्ती नको होती. बायकोला हवी होती. हा वाद मी इतक्या घरांत ऐकला आहे की माझं मत आता पक्कं झालंय: पहिल्या वर्षी वस्ती निवडताना दिवसभर घरी कोण असणार आहे त्याचं ऐकावं. नवरा नऊ ते सहा ऑफिसात, मुलं शाळेत. बायकोला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते, पण ती मिळेपर्यंतचे महिने एकटीने काढायचे असतात. अशा वेळी हाकेच्या अंतरावर मराठी बोलणारी दोन घरं असली तर मुलांची इंग्रजी काही बिघडत नाही. आईचं मन ताळ्यावर राहतं, आणि मुलांना त्याचीच जास्त गरज असते. नवऱ्याला हे फारसं पटलं नाही. पण ‘पहिलं वर्ष भाड्याचं घर, नंतर बघू’ एवढ्यावर तो आला. घर विकत घ्यायचा विषय मी त्या दोघांना बाजूलाच ठेवायला लावला.

कोणता एरिया चांगला हे मी सांगत नाही, तो माझा धंदा नाही. पण एक गोष्ट तपासायला सांगितली. रेडिंगचा पत्ता म्हणजे रेडिंगची काउन्सिल (तिथली स्थानिक नगरपालिका) असं नसतं. लोअर अर्ली, वुडली हे भाग रेडिंगला लागूनच आहेत, पत्त्यातही रेडिंग लिहितात, पण काउन्सिल वोकिंगमची. पश्चिमेला टाइलहर्स्टचा काही भाग वेस्ट बर्कशरमध्ये जातो. काउन्सिल बदलली की शाळांची यादी बदलते, अर्ज कुठे करायचा ते बदलतं. जागा कुठल्या शाळेत शिल्लक आहेत हे काउन्सिलला नाहीतर थेट शाळेला फोन करून विचारता येतं. बाईंना हे फोन आपण करू शकतो हेच माहीत नव्हतं.

नवऱ्याने तोवर घरं बघितली होती ती रविवारी दुपारी, सहकाऱ्याच्या गाडीतून. त्याला म्हटलं, कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठला त्या घरापासून प्रायमरी शाळेपर्यंत चालत जा, आणि संध्याकाळी बस स्टॉपवरून घरापर्यंत चालत या. जानेवारीत तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण यांच्याकडे गाडी एकच असणार होती आणि ती नवरा नेणार होता. इयर टूच्या मुलाला सोडायला-आणायला मोठं माणूस लागतंच, आणि शाळा सव्वातीनच्या सुमाराला सुटते. नवरा चालून आला आणि त्याच रात्री त्याने बायकोला फोन केला. त्याला सर्वांत आवडलेल्या घरापासून शाळेच्या वाटेवर मध्येच फूटपाथ संपत होता आणि भरधाव रस्ता ओलांडायला सिग्नलही नव्हता. ते घर बाद. शीटमध्ये त्याचा स्कोअर सगळ्यात जास्त होता.

मुलीशी मी वेगळं बोलले. आईबाप कितीही समंजस असले तरी तेरा वर्षांचं मूल त्यांच्यासमोर ‘मला चालेल’ म्हणतं. सुरुवातीला हिनेही तेच केलं. शाळेचं विचारलं, ठीक आहे. इंग्लंडचं विचारलं, छान आहे. मग मी विचारलं की मैत्रिणींना काय वाटतंय.

“त्यांना माहीतच नाहीये.”

व्हिसा हातात पडेपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. मोठ्यांच्या दृष्टीने साधी गोष्ट. पण हिची जिवलग मैत्रीण नववीच्या क्लासला दोघींची नावं एकत्र घालायची म्हणून मागे लागली होती. मैत्रिणीची आई हिच्या आईला फोन करायची, आई ‘बघू’ म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्या ‘बघू’चा अर्थ हिला विचारला जायचा. दोन महिने ती रोज काहीतरी थाप मारत होती. “मला जायचं टेन्शन नाहीये,” ती म्हणाली, “मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय. आणि मी गेल्यावर तिला कळणारच ना, की मला आधीपासून माहीत होतं?”

निरोप घेता न आलेली मुलं नव्या शाळेत जीव लावायला वेळ घेतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. व्हिसा नाकारला गेला तर चारचौघांत नाचक्की होईल, ही मोठ्यांची भीती. तिची किंमत मुलांनी मोजू नये. मी आईबापांना स्पष्ट सांगितलं की मुलीला या आठवड्यात मैत्रिणीला सांगू द्या, बाकी कोणाला सांगायचं ते ती ठरवेल. बाई लगेच तयार झाल्या. नवऱ्याला दोन दिवस लागले.

मुलीचे खरे प्रश्न त्यानंतर आले, आणि ते अगदी व्यवहारी होते. मला एक वर्ष मागे टाकतील का? फ्रेंच येत नाही तर काय? बॅडमिंटन? वर्ग तिथे जन्मतारखेवर ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा, त्यामुळे त्या शालेय वर्षात ती इयर नाइनमध्ये बसणार हे नक्की होतं. परदेशी भाषा इयर टेनपासून सक्तीची नसते. बॅडमिंटनचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते तिलाच शोधायला सांगितलं. तिने क्लब शोधला, आणि तो कुठे आहे यावरून घराच्या यादीतली आणखी दोन नावं गळली.

इयर टेन म्हणजे जीसीएसईचा (तिथल्या शालान्त परीक्षेचा) दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू. म्हणून ऑगस्टमध्ये जायचा बेत मला पटत नव्हता. जुलैअखेरीपासून शाळा बंद, कार्यालयात फोन उचलायला माणूस मिळणं कठीण. इन-इयर अर्जाचं उत्तर १५ शालेय दिवसांत द्यायचं असतं, पण सुट्टीचे दिवस त्यात मोजत नाहीत. शिवाय तिथे पोचल्याशिवाय, निदान भाडेकरार हातात असल्याशिवाय, बहुतेक काउन्सिल नवा पत्ता अंतरासाठी धरत नाहीत. म्हणजे ही मुलगी इयर टेन सुरू झाल्यावर, कदाचित उशिराने, अनोळखी वर्गात जाऊन बसणार. त्यापेक्षा इथली परीक्षा झाली की एप्रिलमध्येच जावं आणि इयर नाइनची शेवटची टर्म तिने तिथे काढावी, असं मी सुचवलं. अभ्यासाचा ताण कमी, ओळखी करून घ्यायला तीन महिने. आजोळची सुट्टी गेली. आजी नाराज झाल्या, आणि ते साहजिक होतं.

शाळा कशी ठरली तेही सांगते. बाईंनी जागा असलेल्या शाळांना सारखीच ईमेल लिहिली: मुलगी भारतातून मधेच येते आहे, पहिले काही आठवडे तिच्याकडे कोण बघेल, आणि इयर टेनचे विषय इतरांनी निवडून झाले असतील तर तिचं काय करता? एका नावाजलेल्या शाळेने अर्जाची लिंक पाठवली. शीटमधल्या एका पिवळ्या शाळेच्या हेड ऑफ इयरने स्वतः उत्तर लिहिलं. कोणत्या विषयांत अजून जागा आहे ते कळवलं, पहिले दोन आठवडे एक विद्यार्थिनी सोबत असेल असं सांगितलं, आणि मुलीला काय आवडतं ते विचारलं. मुलीने ते उत्तर दोनदा वाचलं आणि पिवळी शाळा घेतली.

धाकट्याला जवळची शाळा मिळाली नाही, इयर टू भरलेला होता. तो टर्मभर बसने लांबच्या शाळेत गेला, आणि ते दिवस बाईंना जड गेले. जुलैचा जन्म असल्यामुळे तो वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी होता. इथे पहिलीत, तिथे एकदम इयर टू. वाचनात मागे पडला तेव्हा टोचणी पुन्हा वर आली आणि आम्ही आणखी काही वेळा बोललो. सप्टेंबरमध्ये तो इयर थ्रीत गेला, ३० ची कायदेशीर मर्यादा संपली आणि वेटिंग लिस्टवरून जवळच्या शाळेत जागा निघाली. मुलीचंही एका ‘हिरव्या’ शाळेच्या यादीत नाव होतं. ते तिने स्वतःच काढायला लावलं.

रेडिंगमध्ये दोन ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) आहेत, एक मुलांची आणि एक मुलींची. प्रवेशपरीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला असते. धाकटा अजून इयर थ्रीत आहे, पण शेजारच्या मुलाचे क्लास सुरू झालेत आणि बाईंनी परवा नवी शीट केल्याचं कळवलं. त्यावर बोलायला पुढच्या महिन्यातली वेळ ठरली आहे. या वेळी नवराही येणार आहे.