कॉफीची चव बागेतच ठरते: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी कॉफी भाजण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले बरेचसे प्रश्न भाजायच्या आधीचेच निघाले, म्हणजे झाड, पाऊस, फळतोडणी, वाळवण. मला त्याचा फार आनंद झाला. कारण माझं ठाम मत आहे की दाण्यात जे चांगलं यायचं ते बहुतेक सगळं फळ झाडावर पिकेपर्यंत येऊन गेलेलं असतं, पुढे इस्टेटवाल्यापासून माझ्यासारख्या भाजणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हातात ते सांभाळणं तरी असतं नाहीतर घालवणं तरी.

प्रश्न (पुणे): ताई, मी एकाच दुकानातून चिकमगळूर अरेबिका (कॉफीची एक जात, दुसरी रोबस्टा) घेतो, पाकीटही तेच. गेल्या वर्षी कॉफी गोडसर होती, यंदा तुरट लागतेय. दुकानदार म्हणतो भाजणी तीच आहे. मग फरक कुठे पडला?

दुकानदार खरं बोलत असेल. फरक बहुतेक तोडणीत पडलाय, आणि तोडणी बिघडायचं कारण बऱ्याचदा वळवाच्या पावसात असतं. कॉफीच्या कळ्या उन्हाळ्यात झोपून असतात, फेब्रुवारी ते एप्रिलमधे एक चांगला पाऊस झाला की आठदहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो, तिथले लोक त्याला ब्लॉसम शॉवर म्हणतात. हा पाऊस एकदम दणकून पडला तर फुलं एकदम येतात, फळंही साधारण एकदम पिकतात. पण तोच तुकड्यातुकड्याने पडला तर फुलोरा दोनतीन खेपांत येतो आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरमधे एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल आणि सुकून काळं पडलेलं फळ शेजारीशेजारी दिसतं.

अशा वेळी फक्त लालभडक फळं तोडायची तर त्याच झाडापाशी तीनचार वेळा जावं लागतं. त्यात मजूर मिळत नाहीत, मजुरी वाढलेली, अवकाळीचे ढग डोक्यावर, मग सगळं एकदम ओरबाडून घेतलं जातं. मी शेतकऱ्याला दोष देत नाही, पिकलेलं फळ पावसात फुटून जमिनीवर पडलं तर त्याचं सगळंच गेलं. पण कच्च्या फळात साखर भरलेली नसते आणि तुमच्या जिभेला जो तुरटपणा लागतोय तो बहुतेक तिथलाच.

घरी बघता येतं. अख्खे भाजलेले दाणे एका पांढऱ्या ताटात पसरा. बाकीचे तपकिरी असताना काही दाणे फिक्कट, शेंगदाण्याच्या रंगाचे दिसतील, ते कच्च्या फळाचे, भाजणारे त्यांना क्वेकर म्हणतात. ते कितीही भाजा, नीट रंगत नाहीत. वेचून बाजूला काढा आणि उरलेल्याची कॉफी करून बघा, फरक लगेच कळेल. टाचणीने टोचल्यासारखी भोकं असलेले दाणे दिसले तर ते फळ पोखरणाऱ्या किड्याचे, बेरी बोररचे, तेही काढा.

प्रश्न (नाशिक): पाकिटावर 1400 मीटर असं लिहिलं की किंमत वाढते. उंचीला खरंच एवढा अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण उंचीपेक्षा थंडाव्याला. रात्री गार असल्या की फळ सावकाश पिकतं, अरेबिकाला फुलापासून फळ तयार व्हायला तसेही आठनऊ महिने लागतात, ते जितकं निवांत होईल तितका दाणा घट्ट भरतो आणि त्यात आंबटगोडपणा चांगला उतरतो. आपल्याकडे अरेबिका साधारण 1000 ते 1500 मीटरवर घेतात. पण विषुववृत्तापासून जितकं उत्तरेला जाल तितका तोच गारवा कमी उंचीवर मिळतो, म्हणून आंध्रातल्या अराकूला 900 ते 1100 मीटरवरसुद्धा उत्तम अरेबिका होते. आपलं अमरावतीतलं चिखलदरा तर अजून उत्तरेला, साधारण 1100 मीटर, तिथे ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

दुसरं म्हणजे सावली. भारतातली कॉफी जवळजवळ सगळी झाडांखाली वाढते, सिल्व्हर ओक, पांगारा, फणस, वर मिरीचे वेल चढवलेले. नीट राखलेली सावली दुपारचं ऊन अडवते आणि फळाला घाई करू देत नाही. त्यामुळे 1100 मीटरवरची दाट सावलीतली, नीट वेचलेली कॉफी 1400 मीटरवरच्या ओरबाडलेल्या कॉफीपेक्षा सरस निघते. उंचीचा आकडा बघा, पण फक्त आकड्यासाठी पैसे देऊ नका.

प्रश्न (ठाणे): नॅचरल म्हणून महागाची कॉफी घेतली, पाकीट उघडल्यावर वाइनसारखा, पिकलेल्या फणसासारखा वास आला. खराब आहे का?

फणसाचा वास येत असेल तर बहुधा नाही. व्हिनेगरचा, किंवा ओलं पोतं कोंडल्यासारखा येत असेल तर हो.

नॅचरलमधे फळ सालीगरासकट उन्हात वाळवतात, दाणा दोन आठवडे त्या गोड गराच्या संगतीत राहतो, म्हणून फळांचा वास आणि जाडसर गोडी येते. वॉश्डमधे पल्परमधून साल काढतात, गराचा चिकट थर टाकीत आंबवून सुटा करतात, मग धुऊन वाळवतात, चव स्वच्छ आणि आंबटपणा मोकळा येतो. हनी म्हणजे मधला मार्ग, साल काढायची पण चिकट थर ठेवूनच वाळवायचं.

यातलं आंबवणं मला सगळ्यात नाजूक काम वाटतं. अरेबिकाला साधारण 24 ते 36 तास लागतात, थंडी असली तर जास्त, पण टाकीवरची जुनी माणसं घड्याळ बघत नाहीत, मूठभर दाणे पाण्यात धुऊन तळहातावर चोळतात. बुळबुळीत लागले तर थांबायचं, वाळूतल्या खड्यांसारखे खरखरीत लागले की लगेच धुवायला घ्यायचं. काही जण ढिगात काठी खुपसून काढतात, भोक तसंच उभं राहिलं म्हणजे झालं. त्यापुढे टाकीत राहिलं तर दाण्याला आंबूस, कधीकधी कांद्यासारखा वास धरतो, आणि तो भाजून जात नाही, दूध घालूनही जात नाही.

आणि वाळवण! सगळ्यात जास्त कॉफी इथे वाया जाते असं मी आजवर बघत आलेय. ओल 10-11 टक्क्यांवर आणायची असते. वॉश्डला उन्हात सातदहा दिवस, अख्ख्या फळाला दोन आठवड्यांच्या आसपास. थर पातळ हवा, दिवसभर फावडी फिरत राहायला हवीत, संध्याकाळी गोळा करून झाकायला हवं, नाहीतर दिवसा वाळलेलं रात्री दव पिऊन पुन्हा ओलं होतं आणि बुरशी धरते. अख्खं फळ वाळलं की नाही हे मूठभर घेऊन कानाशी हलवून बघतात, आतला दाणा खुळखुळला की तयार. नॅचरलला धुणं नाही म्हणून ते सोपं असं लोक समजतात, उलट ते जास्त कठीण आहे, कारण ओला गर इतके दिवस उघड्यावर सांभाळायचा असतो.

प्रश्न (बेळगाव): आमचे बाबा म्हणतात रोबस्टा म्हणजे हलका माल, भेसळ केल्यासारखीच. खरं का?

बाबांना नमस्कार सांगा, पण नाही. भारतात होणाऱ्या कॉफीतली साधारण 70 टक्के रोबस्टाच आहे. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, म्हणून कडूपणा जास्त, हे खरं. पण तिचं नाव खराब झालंय ते निष्काळजीपणामुळे, भाव कमी म्हणून सरसकट ओरबाडायची, जाड थरात कशीबशी वाळवायची. तीच वेचून, धुऊन नीट वाळवली तर दाट, चॉकलेटसारखी लागते, फिल्टर कॉफीच्या दुधाला तीच पेलते. एकदा वॉश्ड रोबस्टा आणा, पाकिटावर रोबस्टा पार्चमेंट किंवा कापी रॉयल लिहिलेलं असेल, आणि बाबांना न सांगता द्या.

प्रश्न (सातारा): ओल लागली की कॉफी बिघडते म्हणता, मग मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी मुद्दाम पावसाळ्याच्या दमट हवेत का ठेवतात?

छान प्रश्न. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारहून युरोपात कॉफी पोचायला महिने लागायचे, समुद्राच्या दमट हवेत दाणा फुगून पिवळट व्हायचा आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. प्रवास लवकर व्हायला लागला तशी ती चव गेली, मग किनाऱ्यावरच ती मुद्दाम तयार करायला लागले. आता मंगळूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर, चारही बाजूंनी हवा खेळेल अशा गोदामात नॅचरल अरेबिका पसरतात, उलथापालथ करतात, मग सैल पोत्यांत भरून मधे फटी ठेवून रचतात आणि पोती पुन्हापुन्हा रिकामी करून भरतात. फरक इथेच आहे, दाणा हवेतली ओल घेतो, पाणी अंगावर पडत नाही आणि वारा सतत फिरतो म्हणून बुरशीला बसायला जागा मिळत नाही. घरी करून बघू नका. ज्यांना आंबटपणा सोसत नाही त्यांनी जरूर प्यावी.

प्रश्न (सावंतवाडी): आंबोलीजवळ जमीन आहे, काही सुपारी आहे. कॉफी लावू का?

अरेबिकाचा विचार सोडा. आंबोली 690 मीटर, म्हणजे उंची कमी, आणि पाऊस 7000 मिलिमीटरच्या घरात, अरेबिकाला 1600 ते 2500 पुरतो. रोबस्टाला 500 ते 1000 मीटर चालतं, पण तिलाही एवढा पाऊस जड जातो. सलग ओलीत पानं आणि फळं काळी पडून कुजतात, त्याला कॉफीतही कोळेरोगच म्हणतात, तुमच्या सुपारीवरच्या कोळेरोगाची बुरशी वेगळी पण उपद्रव तसाच. शिवाय तुमच्याकडे ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत भरवशाचा पाऊस नाही, म्हणजे फुलोऱ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधे स्प्रिंकलरने पाणी द्यावं लागणार, आणि दोनतीन आठवड्यांनी पुन्हा. उन्हाळ्यात विहिरीला तेवढं पाणी असतं का हे आधी बघा, नसेल तर विषय तिथेच संपतो.

असेल तर घाटमाथ्याच्या थोडं पूर्वेला, जिथे पाऊस झपाट्याने कमी होतो आणि पाणी साचत नाही अशा उताराच्या तुकड्यावर थोडीच रोपं लावून बघा. कर्नाटकात चिकमगळूरच्या बाजूला बाळेहोन्नूरला कॉफी बोर्डाचं संशोधन केंद्र 1925 पासून आहे, बी-रोपं तिथल्या शिफारशीनेच घ्या, नर्सरीवाल्याच्या शब्दावर नको. फळ धरायला तीनचार वर्षं जातील, तोवर सावलीच्या झाडांवर मिरी चढवा म्हणजे खर्चाला हातभार लागेल.