तुमचे प्रश्न : घरात बसूनही ऊन लागतं

उन्हाळ्याची पत्रं एरवी होळीनंतर येतात. यंदा शिमग्याच्या आधीच ढीग लागला. बहुतेकांनी विचारलंय, मुलाला काय पाजू, काय खायला घालू. विचारा, पण त्याच्या आधी मूल दुपारी बारा ते चार कुठल्या छपराखाली असतं तेही लिहीत जा. इतकी वर्षं विदर्भात लहान मुलं तपासून माझं मत असं झालंय की निम्मं उत्तर त्या छपरातच असतं.

प्रश्न : माझी मुलगी बारा दिवसांची आहे. बाळंतपणाला माहेरी आले आहे. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. आई खिडक्या बंद ठेवते, बाळाला कानटोपी, मोजे घालून दोन दुपट्यांत गुंडाळते, शेक-शेगडीही चालू आहे. परवा दुपारी बाळाचं अंग तापलं, रात्री आपोआप उतरलं. तापाचं औषध द्यावं का? अधूनमधून चमचाभर पाणी पाजावं का?
— एक बाळंतीण, वर्धा जिल्हा

या ताईंना मी पत्र वाचल्यावर लगेच फोन केला, कारण नवजात बाळाचं अंग तापलं तर अंक निघायची वाट बघायची नसते. उतरलेला ताप असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तो उन्हाळ्याचा की जंतुसंसर्गाचा, हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. बाळ आता ठीक आहे.

आता मूळ गोष्ट. बाळाला थंडी वाजू नये म्हणून गुंडाळायचं, हे आपल्या आयाबायांचं ज्ञान डिसेंबरसाठी अगदी बरोबर आहे. मे महिन्यात, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, तेच बाळाच्या जिवावर येतं. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे बाहेरची उष्णता आत शिरते झपाट्याने. घाम येण्याची यंत्रणा अजून कच्ची. आणि दुपटं लाथेने झटकून सावलीत जाऊन बसणं त्याला जमत नाही.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असा हिशेब नंतर अभ्यासकांनी मांडला. तिथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीखाली होता. जन्माला येऊन चार दिवस न झालेली बाळं तापाने फणफणून नवजात अतिदक्षता विभागात येऊ लागली आणि तपासण्यांत संसर्ग सापडेना. पारा ४२ च्या पुढे गेल्यावर दर अंशामागे अशी बाळं दाखल होण्याचं प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होतं. पुढे वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला आणि हे प्रमाण बरंच उतरलं. कुठलं नवं औषध आलं नाही, यंत्र आलं नाही. खाटा खाली नेल्या.

तुम्हीही तेच करा. दिवसा बाळ-बाळंतिणीने खालच्या मजल्यावर, पूर्व-पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत राहायचं. खिडक्या सकाळी नऊपर्यंत उघड्या, मग ओला पडदा, आणि सूर्य कलला की पुन्हा सताड उघड्या. शेगडी बंद. कानटोपी, मोजे पेटीत. एक पातळ सुती झबलं पुरे, फारच उकडत असेल तर नुसता लंगोट. तापमापक काखेत लावा. ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर दाखवलं तर कपडे सैल करा, गार जागी न्या, अंगावर पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा आणि उतरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तापाचं औषध आपल्या मनाने अजिबात नको. उन्हाने तापलेल्या अंगावर पॅरासिटामॉल चालत नाही. ते आजारातला ताप उतरवतं, खोलीचा नाही.

पाणी? सहा महिन्यांपर्यंत एक थेंबही नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. वरचं पाणी पाजलं की बाळ दूध कमी ओढतं, जंतू पोटात जातात, रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरून झटके येऊ शकतात. बाळाला जास्त वेळा पाजा आणि पाणी तुम्ही प्या, भरपूर. दिवसात सहा लंगोट ओले झाले की समजा, बाळाला पुरेसं मिळतंय.

आणि आईशी भांडू नका. तापमापक त्यांच्याच हातात द्या. माझ्या अनुभवात डॉक्टरणीच्या भाषणापेक्षा आज्या पाऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन वर्गखोल्यांवर टिन आहे. सकाळची शाळा झाली तरी दहानंतर मुलं पेंगतात, काहींचं डोकं दुखतं, दोन-तीन जणांच्या नाकातून रक्त येतं. निधी नाही. काय करता येईल?
— एक मुख्याध्यापक, चंद्रपूर जिल्हा

सर, पेंगणारी मुलं आळशी नाहीत हे तुम्ही ओळखलंत, बरं वाटलं. टिनाचं छप्पर सूर्य वर आला की स्वतःच शेगडी बनतं आणि ती शेगडी थेट मुलांच्या टाळूवर धग सोडते. पेपरात ४४ अंश छापतात ते हवामान खात्याने सावलीत, हवा खेळत्या पेटीत मोजलेलं असतं. तुमच्या चौथीच्या वर्गात किती आहे ते मुलांच्या डोक्याच्या उंचीवर एक साधा तापमापक टांगून आठवडाभर लिहा. आठ, दहा आणि अकरा वाजता. मुलंच लिहितील, परिपाठात वाचून दाखवतील. हा कागद पुढे ग्रामसभेत कामाला येतो. "मुलांना फार उकडतं" म्हटलं की लोक हसतात, आकडे ठेवले की थोडे गप्प बसतात.

छताचं म्हणाल तर चुना स्लॅबवर उत्तम, टिनावर टिकत नाही, पोपडे सुटतात. टिनावर उष्णता परतवणारा पांढरा रंग लावा. असे पांढरे छत केल्यावर खोलीतलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादेने हा कार्यक्रम शहरभर राबवला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. रंगाचे पैसे जुळेपर्यंत टिनाच्या हातभर वर बांबूवर हिरवी जाळी ताणा. मध्ये हवा खेळली पाहिजे, जाळी टिनाला चिकटवून उपयोग नाही. आतून बांबूच्या चटयांचं छत करता येतं. तणस किंवा पऱ्हाट्या मात्र वर टाकू नका, एक ठिणगी पुरते. समग्र शिक्षाच्या वार्षिक शाळा अनुदानातून रंग बसतो का ते व्यवस्थापन समितीत विचारा, नाही तर ग्रामपंचायतीला अर्ज द्या. अर्जाला तो तापमानाचा कागद जोडा.

वेळेबद्दल थोडं कडक बोलते. २०२५ च्या मार्चअखेरीस राज्याने सगळ्या शाळा सकाळच्या केल्या, प्राथमिक ७ ते ११.१५. कागदावर छान. पण सव्वाअकराला सुटलेलं पोर दीड-दोन किलोमीटर वाड्यावर पायी निघतं ते नेमकं भर उन्हात, डांबरी रस्त्यावर, कित्येकदा चपलेविना. त्याच वर्षी परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत लांबवल्या. विदर्भाच्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात, कारण इथलं ऊन वेगळं आहे हे सरकारला मान्य आहे; मग एप्रिलचं ऊन तेवढं पुण्यासारखं कसं? हे तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते असं : खेळाचा तास पहिला घ्या. खिचडी अशी शिजवा की साडेनऊला वाढता येईल, रिकाम्या पोटी मूल उन्हात जाऊ नये. चुलीची खोली वर्गाला लागून असेल तर चूल बाहेर झाडाखाली काढा. दर तासाला पाण्याची घंटा द्या आणि सगळ्यांनी एकदम प्यायचं, कारण "पाणी पिऊ का गुरुजी" विचारायला मुलं लाजतात, आणि शाळेत धड स्वच्छतागृह नसेल तर मोठ्या मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत. तेही एकदा तपासा. सुटताना प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा आणि बाटलीत पाणी असल्याशिवाय फाटक उघडू नका.

नाकातून रक्त आलं तर मुलाला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. मान मागे टाकायची नाही, कांदा हुंगवायचा नाही.

प्रश्न : डॉक्टरीणबाई, आमच्या वखती कोनी ओआरएस पाह्यलं होतं? खिशात कांदा ठेवला का झालं. आता सून दुकानातून नातवासाठी गोड पान्याचे डब्बे आनते, म्हणते हे ओआरएसच हाय. खरं का?
— एक आजोबा, अकोला

आजोबा, कांदा खिशात असू द्या, जेवताना कामी येईल. डब्यांबद्दल मात्र तुमचा संशय खरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. फळांच्या चवीच्या त्या डब्यांत साखर त्याच्या कितीतरी पट असते, आणि जुलाब लागलेल्या पोराला ती दिली तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशा डब्यांवर ओआरएस लिहिण्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली. नाव गेलं, डबे निराळ्या नावाने दुकानात असतीलच. सूनबाईंना औषधाच्या दुकानातून पुडी आणायला सांगा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलिलिटरमध्ये. अर्धी पुडी अंदाजाने टाकायची नाही. कालवलेलं २४ तासांनी फेकायचं.

धडधाकट खेळत्या नातवाला रोज ओआरएस लागत नाही. ताक, पन्हं, आंबील, माठातलं पाणी. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं करता येतं. पण पोरगं उन्हातून येऊन बडबडायला लागलं, कुणाला ओळखेना, झटका आला किंवा अंग चटके बसावेत असं तापलं, तर त्याला पन्हं पाजत बसू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

प्रश्न : कूलरची हवा बाळाला बाधते का?
— एक आई, हिंगणघाट

हवा बाधत नाही. शॉक बाधतो. विदर्भात दर उन्हाळ्यात बातमी असतेच : खेळता खेळता मुलाने कूलरला हात लावला. लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाची वायर उंदराने कुरतडलेली, पायाखाली सांडलेलं पाणी आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नाही. तीन पिनांची पिन घातली म्हणजे अर्थिंग झालं असं होत नाही, ते वायरमनकडून तपासून घ्या. त्याच खेपेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, गळतीचा करंट आला की क्षणात वीज तोडतो. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. कूलर खिडकीबाहेर, मुलाचा हात पोचणार नाही असा ठेवा. फायबरची पेटी घेतली तर उत्तम, पण पंप आणि वायर तीच असते हे विसरू नका.

शिवाय आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या पाण्यात जिवंत होतात.

प्रश्न : भाजी घ्यायला पाच मिनिटं उतरलो तर झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवलं तर चालेल का? काच थोडी खाली करतो.
— एक बाबा, नागपूर

नाही. बंद गाडीतली बरीचशी तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच चार बोटं उघडून त्यात फारसा फरक पडत नाही. पाच मिनिटांची भाजी कधी पाच मिनिटांत होत नाही हेही तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. शाळेत हवामानबदलावर निबंध लिहिला. तेव्हापासून रात्री भीती वाटते. मोठ्या माणसांना काहीच करायचं नाही असं वाटतं. मुलांना कोर्टात जाता येतं का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

जाता येतं, आणि एक मुलगी गेलीही होती. उत्तराखंडची रिद्धिमा पांडे २०१७ मध्ये, नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे गेली. २०१९ मध्ये लवादाने तिचा अर्ज निकाली काढला, तिच्या बाजूने नाही. पण पुढचं ऐक. २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे, घटनेच्या १४ आणि २१ कलमांतून येणारा. खटला होता माळढोक पक्ष्याचा. तुझ्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तोच.

तरी खरं सांगू का, मला मुलांना अशा निबंधांत "आम्ही पृथ्वी वाचवू" लिहायला लावलेलं आवडत नाही. पृथ्वी तुम्ही तापवलेली नाही. तुझ्या बाईंना हे पान दाखव, वरचं मुख्याध्यापकांचं पत्र वाचायला सांग आणि तुमच्या वर्गात तापमापक टांगायचा का ते विचार. भीती आईबाबांना सांग, दिव्याखाली बसून, अंथरुणात एकटीने नको. झोप येईना, भूक लागेना असं होत असेल तर त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा. हे सांगायला डॉक्टरकडे जाता येतं.

पत्र लिहिणाऱ्यांसाठी : मुलाचं वय महिन्यांत आणि वजन किलोत लिहा. फोन नंबर जरूर द्या, तो छापत नाही. औषधाचा डोस मी पत्रातून सांगत नाही, कितीही आग्रह केला तरी. आणि मूल आत्ता, या क्षणी आजारी असेल तर पत्र लिहू नका, दवाखान्यात न्या.