बॅगपाइप पेटीला जुळत नाही? आधी कानस खाली ठेवा

‘एडिंबरोहून आणलेला बॅगपाइप पेटीच्या एकाही पट्टीला लागत नाही, नळीची भोकं घासू का?’ हा तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. मी घासली होती.

ग्लासगोत होतो, गणपतीत आरतीला वाजवायची हौस. दुकानदार म्हणाला, कशाबरोबरही वाजेल. (दुकानाचं नाव विचारू नका.) हायलँड बॅगपाइपचा (स्कॉटलंडचा तो नेहमीचा मोठा) सा हल्ली साधारण 475 ते 480 हर्ट्झवर असतो. आपल्या पेटीची काळी पाच पट्टी 466, तिच्या पुढची पांढरी सात 494. म्हणजे बरोबर फटीत! मला वाटलं, भोकं मोठी केली की सूर उतरेल. भोक मोठं झालं की सूर चढतो. हे कळेपर्यंत चार भोकं घासून झाली होती आणि नळी कायमची गेली. दुकानात नेली तर ‘हे तुम्हीच केलंय’ म्हणून परत पाठवलं. खरंच होतं, पण तरी राग येतोच.

वादक भोकाच्या वरच्या कडेला काळी चिकटपट्टी लावतात. तिने एखादा सूर किंचित उतरतो, अख्खी नळी नाही. 466ची वेगळी नळी मिळते. ती आणि तिला साजेशी रीड (आत थरथरणारी पाती) घ्या, ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या वरच्या नळ्या) जरा बाहेर ओढा, काळी पाच मिळेल.

पण मिळूनही काय? सूर नऊच, दोन्ही नी (खालचा आणि वरचा) कोमल. भूप निघेल, खमाज थाटातलं बरंच निघेल, भैरवी विसरा. पिशवी भरली की सूर थांबत नाही, त्यामुळे एकच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या सुराचा झटका द्यावा लागतो. आरतीत एकाच सुरावर चार-चार अक्षरं येतात, तिथे माझी बोटं पार अडकायची.

माझं मत (मी धंदेवाईक वादक नाही, जाणकारांनी चूक काढावी): हे वाद्य मैदानाचं आहे. दिवाणखान्यासाठी भात्यावर चालणारे स्कॉटिश स्मॉलपाइप घ्या. 440ला लावलेला ‘ए’ सुराचा सेट घेतलात तर सा थेट पांढरी सहाला बसतो आणि शेजारीही बोलणं टाकत नाहीत. आयरिश इलियन पाइप दोन सप्तकं देतो, नळी मांडीवर टेकवून सूर तोडताही येतो, पण शिकायला जन्म जातो.

आणि बॅगपाइप म्हणजे स्कॉटलंड हे डोक्यातून काढा. रोमचा एक बादशहा (बहुधा नीरो) काखेत पिशवी दाबून वाजवायचा असं पहिल्या शतकातलं लिखाण आहे. बल्गेरियाची गायदा बकऱ्याच्या कातड्याची, ट्युनिशियात मेझवेद, तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या तुलुमला तर ड्रोनच नाही. आपल्याकडे गढवालात मशकबीन लग्नात वाजते. आम्ही मात्र चौकड्याचं कापड बघून पैसे मोजतो.

एक राहिलं. पेटी स्केलचेंजर आहे म्हणून खूश होऊ नका. ती अर्ध्या सुराच्या उड्या मारते, तुमचा घोळ त्याहून लहान आहे.