आकृती जमत नाही, तरी फॅशन डिझायनर होता येईल?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. फॅशन डिझायनिंग करायचं आहे. फ्रेंच डिझायनर ख्रिस्तियान दिओर यांच्या १९४७ सालच्या 'बार' सूटचं (जाकीट आणि स्कर्टचा जोड) स्केच बघून काढते, पण माणसाची आकृती काही केल्या जमत नाही. बाबा म्हणतात, चित्रकला येत नसेल तर या वाटेला जाऊ नकोस. काय करू?

उत्तर : स्केच तू फार चांगलं निवडलंस, पण माझ्या मते तुझं सगळं लक्ष चेहऱ्यात आणि हातापायांत अडकलंय. आता कपडा बघ. खांदे उतरते, कंबर आवळलेली, आणि कमरेखाली जाकीट एकदम बाहेर फुगतं. जाकीट हस्तिदंती शांटुंग रेशमाचं आहे. नुसतं रेशीम असं उभं राहत नाही, आतून भरण दिलंय. खाली काळ्या लोकरीचा, भरपूर चुण्यांचा स्कर्ट.

असं स्केच शिवणाऱ्यासाठी असतं. दिओर शेकड्यांनी रेखाटनं भराभर काढत. त्यांतली निवडक त्यांच्या शिवणकामाची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या मार्गरीत कारे यांच्या हाती जात, त्या ती शिवणविभागांच्या प्रमुखांना वाटून देत. तिथे आधी साध्या सुती कापडात नमुना उभा राही. तो पसंत पडला की पुढचं.

बाबांची काळजी खोटी नाही. निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) बी.डेस.च्या, म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या, प्रवेश परीक्षेत चित्र काढावं लागतंच. पण तिथे कल्पना आणि मांडणीही बघतात, आणि पुढच्या टप्प्यात दिलेल्या साहित्यातून हातानं वस्तू घडवायची असते. शाखेची अट नाही. गणित घेतलं असशील तर कपड्यांच्या निर्मितीकडे झुकणारा बी.एफ.टेक. (फॅशन तंत्रज्ञानाची पदवी) हा अभ्यासक्रमही आहे, तोही जरूर बघ.

पुढे नामांकित डिझायनर झालेला ईव्ह सँ लोराँ हा अल्जीरियातल्या ओरानचा मुलगा. १९५४ साली आंतरराष्ट्रीय लोकर संस्थेच्या फॅशन स्पर्धेत त्याच्या ड्रेसच्या स्केचला पहिलं बक्षीस मिळालं. त्याचा हात विलक्षण होता, तरीही तो पॅरिसला कूत्यूरच्या, म्हणजे उंची, मापानं शिवलेल्या कपड्यांच्या, शाळेत शिकला आणि १९५५मध्ये दिओर यांच्याकडे लागला.

तेव्हा आकृतीचा सराव रोज अर्धा तास ठेव, त्याहून जास्त नको. बाकीच्या वेळात मांजरपाट आण आणि ओळखीच्या टेलरकाकांकडे बसून त्या जाकिटाचा अर्ध्या मापाचा नमुना बेत. टक्स कुठे घ्यायचे, कमरेची शिवण कुठून वळवायची, हे विचारत जा. दोन-तीनदा उसवावं लागेल. मग स्केच पुन्हा काढ, शिवणींच्या रेषांसकट. नमुना आणि स्केच दोन्ही बाबांपुढे ठेव आणि मगच फॉर्मचा विषय काढ. अर्जाची तारीख मात्र आजच निफ्टच्या संकेतस्थळावर बघून ठेव.