'हर्णै'चं डोकं कापलं जातं तेव्हा

नमस्कार. तुमचा प्रश्न आणि सोबत दिलेली सीएसएस (पान कसं दिसावं हे ठरवणारी फाइल) दोन्ही नीट वाचलं. दापोलीजवळ कर्द्याला तुमच्या घरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देता, त्यांचं पान तुम्ही स्वतः लिहिलंत, लॅपटॉपवर क्रोममध्ये ते छान दिसतं. पण पुण्याच्या पाहुण्यांच्या आयफोनवर 'खोली नोंदवा' हे बटण खाली गडप होतं आणि मथळ्यातल्या 'हर्णै' या गावाच्या नावाचं डोकं कापलं जातं. वडिलांनी फोनवर अक्षरं मोठी करून घेतली आहेत, तिथे दरांचा तक्ता पानाबाहेर जातो. म्हणून तुम्ही विचारताय, की प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी सीएसएस लिहू का, आणि वडिलांच्या फोनवर अक्षर वाढूच नये असं काही करता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. तसं करू नका. वडिलांनी अक्षर मोठं केलं ते डोळ्यांना गरज आहे म्हणून. चार दिवस निवांत राहायला कोकणात यायचं ठरवणारी, आधी दर नीट वाचून मग फोन करणारी मंडळी बहुतेक त्यांच्याच वयाची असतात. त्यांना वाचता येत नसेल तर पान असून नसल्यासारखं आहे.

वेगळ्या सीएसएसचीही गरज नाही. एकेकाळी इंटरनेट एक्सप्लोररसाठी निराळी फाइल ठेवावी लागायची, मीही ठेवली आहे. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला बंद केला. त्यांचाच एज २०२० पासून क्रोमच्याच इंजिनावर (पान पडद्यावर मांडणाऱ्या आतल्या भागावर) चालतो. म्हणजे आज विचार करायचा तो तीनच इंजिनांचा: क्रोम आणि एजचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट, फायरफॉक्सचं गेको. आणि आपल्याकडे आयफोनवर क्रोम घेतला तरी आत वेबकिटच असतं. त्यामुळे पाहुण्यांना 'क्रोममध्ये उघडून बघा' सांगितलंत तरी बटण सापडणार नाही.

तुमच्या तिन्ही तक्रारींत ब्राउझरचा दोष फारसा नाही. तिन्ही ठिकाणी चौकटीचं माप आधी ठरलंय आणि मजकुराने त्यात मावून घ्यावं अशी अपेक्षा आहे. मजकूर किती जागा घेईल हे मात्र आपल्या हातात नसतं. तुम्ही फॉन्ट दिलेला नाही, त्यामुळे तेच मराठी विंडोजवर साधारणपणे निर्मलामध्ये दिसतं, अँड्रॉइडवर नोटोमध्ये, आयफोनवर कोहिनूरमध्ये. तिघांची अक्षरांची रुंदी वेगळी, ओळीची उंचीही वेगळी. एकीकडे दोन ओळींत बसलेलं वाक्य दुसरीकडे तीन ओळींत जातं, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

मला हे महागात पडून कळलं. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका बागायतदारांसाठी हापूसच्या पेट्यांच्या दरांचं पान केलं होतं. दराच्या प्रत्येक ओळीला मी ४० पिक्सेल उंची बांधून दिली होती. एका आजोबांनी मोठ्या अक्षरात ते उघडलं. दर दोन ओळींचा झाला, दुसरी ओळ खालच्या पेटीच्या ओळीवर चढली, आणि त्यांनी पाच डझनच्या पेटीला चार डझनचा दर धरून पैसे पाठवले. बागायतदारांनी तोच दर पाळला. चूक माझी होती आणि नुकसान त्यांनी सोसलं. तेव्हापासून मजकूर असलेल्या कुठल्याही चौकटीला मी 'हाइट' लिहीत नाही. लागलीच तर 'मिन-हाइट' लिहितो, म्हणजे चौकट निदान एवढी असेल, पण मजकूर वाढला तर तीही वाढेल.

आता 'हर्णै' घेऊ. 'र्णै' या एका अक्षराच्या डोक्यावर दोन मात्रा आणि त्यांच्यासोबत रफार, अशी तीन चिन्हं शिरोरेषेच्या वर बसतात. तुम्ही मथळ्याला 'लाइन-हाइट: १' दिलंय, म्हणजे ३२ पिक्सेलच्या अक्षराला ३२ पिक्सेलचीच ओळ. त्याच चौकटीला 'ओव्हरफ्लो: हिडन'ही आहे. रोमन अक्षरं एवढ्या जागेत कशीबशी मावतात, आपली मावत नाहीत. वरचा भाग चौकटीबाहेर जातो, बाहेरचं लपवायला तुम्हीच सांगितलंय, म्हणून रफार जातो आणि मात्रांचे शेंडे जातात. निर्मलामध्ये थोडक्यात निभावलं, कोहिनूरमध्ये नाही, एवढाच फरक. आणि आपल्या किनाऱ्यावर तर रफारांची रांग आहे: कर्दे, हर्णै, आंजर्ले, मुर्डी. त्यात 'मुर्डी' फारच उपयोगी शब्द. खाली उकार, वर रफार आणि वेलांटी. मी कुठल्याही मथळ्याची चाचणी 'मुर्डी' आणि 'हर्णै' एकाखाली एक लिहून करतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकला नाही तर ओळीची उंची बरोबर आहे.

मथळ्याला १.४ आणि परिच्छेदाला १.६ ते १.७ ठेवा. हा आकडा नुसता लिहा, पुढे पिक्सेल जोडू नका. '२४ पिक्सेल' लिहिलंत तर अक्षर वाढेल पण ओळ तेवढीच राहील, आणि ओळी एकमेकींवर चढतील. 'ओव्हरफ्लो: हिडन' तुम्ही फोटोचे कोपरे गोल करायला घातलेलं दिसतंय, ते फक्त फोटोच्या चौकटीला द्या. मथळ्याला जे 'लेटर-स्पेसिंग' (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलंय तेही काढा. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे सुटे दिसतो. जाता जाता, पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं नोंदवा, कोड 'एमआर'. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे काढलेले असतात, पण पान मराठी आहे हे कळल्याशिवाय ब्राउझर ते वापरत नाही.

अक्षराच्या मापाबद्दल. तुम्ही म्हणता की सगळीकडे 'रेम' वापरलंय तरी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केल्यावर पानावर काहीच होत नाही. कारण पहिल्याच ओळीत आहे: मूळ एचटीएमएलला, म्हणजे अख्ख्या पानाच्या अक्षराला, तुम्ही १४ पिक्सेल ठरवून दिलेत. 'रेम' म्हणजे त्या मूळ मापाच्या किती पट. मूळच खिळवलं की वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये काहीही निवडलं तरी पान ऐकणार नाही. ती ओळ काढून टाका. न सांगता ब्राउझर १६ पिक्सेल धरतो, आणि कुणी २४ निवडले असतील तर २४ धरतो. तेच हवंय. मीडिया क्वेरीतली (पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या नियमांतली) मापंही पिक्सेलऐवजी 'ईएम'मध्ये, म्हणजे अक्षराच्या मापाच्या पटीत लिहा, म्हणजे अक्षर मोठं असणाऱ्याला रुंद पडद्यावरही एका स्तंभाची मांडणी मिळेल.

वडिलांच्या फोनवरचा तक्ता हा खरा कळीचा भाग आहे. साधा हिशेब बघा. फोनची रुंदी ३६० पिक्सेल धरली आणि पान दीडपट मोठं केलं, तर मांडणीला उरतात २४०. त्यात खोली, हंगाम, दर, जेवण असे चार स्तंभ कसे मावणार? तक्त्याभोवती चौकट घालून तिला 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' दिलंत तर निदान अख्खं पान आडवं सरकणार नाही, फक्त तक्ता सरकेल. पण मला ते आवडत नाही. दर उजवीकडे लपलाय हे कळत नाही, आणि तोच तर बघायचा असतो. तीन खोल्यांसाठी तक्ता हवाच कशाला? प्रत्येक खोलीची एक चौकट करा. वर नाव, खाली दर, त्याखाली जेवणात काय ते. चौकटी ग्रिडमध्ये (ओळी-स्तंभांच्या मांडणीत) ठेवा, 'ऑटो-फिट' (मावतील तेवढेच स्तंभ) वापरा आणि स्तंभाची किमान रुंदी १६ रेम सांगा. ती 'मिन' फंक्शनमध्ये (ते दोन मापांतलं लहान निवडतं) १०० टक्क्यांबरोबर लिहा, नाहीतर अरुंद पडद्यावर तीच बाहेर जाईल. लॅपटॉपवर तिन्ही शेजारी बसतील, फोनवर एकाखाली एक. माप रेममध्ये असल्यामुळे अक्षर वाढलं की स्तंभ आपोआप कमी होतील. एकही मीडिया क्वेरी लागणार नाही.

'कसे याल' या भागातही हीच अडचण येईल, अजून कुणी सांगितली नाही एवढंच. तिथे तुम्ही फ्लेक्समध्ये (चौकटी शेजारी-शेजारी ठेवायच्या मांडणीत) डावीकडे नकाशा आणि उजवीकडे मजकूर ठेवलाय. फ्लेक्समधली चौकट आपल्या सर्वांत लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार नसते. खेड स्टेशन, दापोली वगैरे ठीक आहे, पण 'सिंधुदुर्गनगरी' किंवा तुमचा लांबलचक ईमेल पत्ता आला की तो शब्द सगळी चौकट ढकलून पडद्याबाहेर नेतो. मजकुराच्या चौकटीला 'मिन-विड्थ' शून्य द्या आणि 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' लावा, म्हणजे मावत नसेल तेव्हाच शब्द तुटेल. 'वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल' लावू नका, ते गरज नसताना चांगले मराठी शब्द मध्येच तोडतं.

बटणाच्या चौकटीचंही माप आधीच बांधलंय, पण ते गडप होण्याचं कारण थोडं वेगळं आहे. पहिल्या पडद्याची उंची तुम्ही १०० 'व्हीएच' (एक व्हीएच म्हणजे पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग) घेतलीत आणि बटण तळाला चिकटवलंत. आयफोनवरची सफारी १०० व्हीएच मोजते तेव्हा पत्त्याची पट्टी आक्रसलेली आहे असं धरून मोजते. पान नुकतंच उघडलेलं असतं तेव्हा ती पट्टी पूर्ण असते, आणि २०२१ पासून ती बऱ्याच आयफोनवर खालीच असते. तुमचं बटण तिच्यामागे आहे. पाहुण्यांनी पान जरा वर सरकवलं असतं तर दिसलं असतं, पण तिथे काही आहे हेच कळत नाही तर सरकवणार कशाला? यावर 'एसव्हीएच' हे माप २०२२ मध्ये तिन्ही इंजिनांत आलं. एसव्हीएच पट्टी पूर्ण असतानाची उंची धरतं, तुम्ही तेच घ्या. मात्र इथेही 'मिन-हाइट'च. आधीच्या ओळीत व्हीएच आणि पुढच्या ओळीत एसव्हीएच असं लिहा. जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही, तो ती सोडून देतो आणि पहिली पाळतो.

फॉर्ममध्ये नाव लिहायला गेलं की आयफोनवर पान एकदम मोठं होऊन बाजूला सरकतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. लिहिण्याच्या चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की सफारी तसं करते. ते १ रेम करा, प्रश्न मिटेल. काही जण यावर व्ह्यूपोर्टमध्ये (फोनवर पान किती रुंद धरायचं हे सांगणाऱ्या ओळीत) पान मोठं करायलाच बंदी घालायचा सल्ला देतात, तो घेऊ नका. त्याने वडिलांसारख्या माणसाची दोन बोटांनी पान मोठं करायची सोयही अँड्रॉइडवर जाऊ शकते.

वेगळा मराठी फॉन्ट जोडावा का, याबद्दल माझं मत: तुमच्या पानाला नको. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते. पाहुणे कशेडी घाटाच्या आसपास, नेटवर्क येत-जात असताना पान उघडतात. आधी फोनचा फॉन्ट दिसतो, मग तुमचा उतरतो, ओळी हलतात, आणि 'फोन करा' वर टेकवायला निघालेलं बोट भलत्याच जागी पडतं. फोनमधले फॉन्ट आता चांगले आहेत. पान सगळीकडे हुबेहूब सारखं दिसलं पाहिजे हा आग्रह सोडलात तर अर्धी कामं कमी होतील. सगळीकडे वाचता आलं पाहिजे, एवढं मात्र सोडू नका. समुद्राच्या फोटोंना एचटीएमएलमध्ये रुंदी-उंचीचे आकडे लिहा आणि सीएसएसमध्ये उंची 'ऑटो' ठेवा. मग फोटो यायच्या आधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. फायरफॉक्समध्ये 'व्ह्यू'च्या 'झूम'मध्ये फक्त मजकूर मोठा करायची सोय आहे. ती लावून २०० टक्क्यांपर्यंत जा, बांधलेल्या उंचीच्या चौकटी लगेच उघड्या पडतात. मग ती काढून, खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून साधा झूम ४०० टक्के करा, म्हणजे ३२० पिक्सेलचा पडदा मिळाला. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांतही हेच दोन आकडे आहेत. पान आडवं सरकत असेल आणि कशामुळे ते कळत नसेल, तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल 'आउटलाइन' द्या. 'बॉर्डर' नको, तिने मापंच बदलतात. जी चौकट उजवीकडे बाहेर डोकावते तीच दोषी.

एक राहिलं. तुमच्या मावशींच्या जुन्या आयफोन ६ वर फोटो एकमेकांना चिकटलेले दिसतात ना, ती मात्र खरोखर ब्राउझरची गोष्ट आहे. तो फोन आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि फ्लेक्समधला 'गॅप' (चौकटींमधलं अंतर) सफारीत २०२१ मध्ये, १४.१ पासून आला. ब्राउझरला गॅप येतो का हे 'सपोर्ट्स' लावून विचारायला जाऊ नका, ग्रिडमधला गॅप त्या सफारीला येतो, म्हणून ती हो म्हणते आणि फ्लेक्समध्ये काहीच करत नाही. फोटोंच्या त्या एका ओळीपुरतं गॅप काढून मार्जिन, म्हणजे प्रत्येक फोटोबाहेरची मोकळी जागा, द्या. आधी दरांच्या चौकटी करा, मग मथळा, मग बटण. फोटो सगळ्यांत शेवटी घेतलेत तरी चालतील.