रस्टमध्ये बॉक्सच्या आतल्या मूल्यावर थेट मॅच का करता येत नाही?

तुम्ही रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत गणिती पदावलीसाठी एनम (ठरावीक पर्यायांपैकी एक असणारा टाइप) केला आहे, बेरीज आणि ऋण या व्हेरिएंटमधल्या, म्हणजे पर्यायांमधल्या, उपपदावल्या बॉक्समध्ये (मूल्य हीपवर ठेवणाऱ्या पॉइंटरमध्ये) ठेवल्या आहेत, आणि मॅचमध्ये (मूल्याचं रूप पाहून शाखा निवडणाऱ्या रचनेत) 'ऋणाच्या आत ऋण' हा पॅटर्न एका ओळीत लिहिला की कंपायलर टाइप जुळत नाही म्हणून अडवतो. त्या पॅटर्नमागचा तुमचा तर्क बरोबर आहे. स्थिर रस्टमध्ये पॅटर्नला बॉक्स ओलांडून आत जाता येत नाही, एवढंच. 2018 मध्ये 1.26 आवृत्तीत साध्या रेफरन्ससाठी ही सोय झाली, म्हणून बॉक्ससारख्या स्मार्ट पॉइंटरकडूनही तीच अपेक्षा होते.

फरक असा, की साधा रेफरन्स उघडताना फक्त पत्ता वाचायचा असतो. स्मार्ट पॉइंटर उघडताना सहसा डीरेफ ट्रेटचं फंक्शन (आतलं मूल्य कसं मिळवायचं ते ठरवणारं) चालतं, आणि ते कोणीही लिहिलेलं असू शकतं. ते पॅनिक होईल (चूक झाल्याचं सांगून काम थांबवेल), किंवा दोनदा विचारल्यावर दोन वेगळी उत्तरं देईल. सगळ्या शक्यता हाताळल्या गेल्या, ही मॅचची हमी मात्र आतलं मूल्य मधेच बदलत नाही या भरवशावर उभी असते. ही हमी मला फार मोलाची वाटते, त्यामुळे भाषेने इथे घाई केली नाही हे मला पटतं. नाइटलीवर (रस्टच्या रोज निघणाऱ्या चाचणी आवृत्तीवर) बॉक्स पॅटर्न आणि डीरेफ पॅटर्न आहेत, पण ते प्रायोगिक. नोकरीतल्या कोडमध्ये ते घेऊ नका.

मग करायचं काय? मॅचच्या आधी पॉइंटर स्वतः उघडायचा. पदावली तुमच्या मालकीची असेल तर ऋणातला बॉक्स हाती घ्या, त्यापुढे एक * लावा आणि त्यावर आतला मॅच करा. बॉक्स कंपायलरच्या खास ओळखीचा असल्यामुळे त्यातून मूल्य बाहेरही काढता येतं. पदावली रेफरन्सने आली असेल तर &** लागेल. मालकीच्या पदावलीत बेरजेत दोन बॉक्स असतात, तिथे मॅचमध्ये मॅच घालत बसू नका. दोन्हींपुढे &* लावून त्यांचा टपल (जोडी) करा आणि त्यावर एकच मॅच लिहा: डावीकडे शून्य असेल तर उजवा बॉक्स उघडून परत द्या, उजवीकडे असेल तर डावा, नाहीतर बेरीज जशीच्या तशी. माझ्या मते हीच सगळ्यात वाचनीय पद्धत.

आरसीचं (एकाच मूल्याचे अनेक मालक मोजणाऱ्या स्मार्ट पॉइंटरचं) वेगळं. आपल्या जुन्या पुण्यातल्या वाड्यांत सामाईक हौद असायचा. पाणी सगळ्यांनी भरायचं, पण हौद कोणी आपल्या खोलीत न्यायचा नाही. आरसीतलं मूल्य असंच पाहता येतं, हलवता येत नाही. हवंच असेल तर 1.76 पासून अनरॅप-ऑर-क्लोन आहे: मालक एकटाच उरला असेल तर ते मूल्य देतं, नाहीतर प्रत.

रेफसेलमध्ये (उसनवारीचे नियम प्रोग्राम चालताना तपासणाऱ्या डब्यात) मात्र जपा. हिंजवडीत काम करताना यात माझी एक अख्खी रात्र गेली होती. मॅचच्या डोक्यावरच बॉरो (वाचण्यासाठी उसनं) घेतलं, की त्याचा गार्ड (उसनवारी चालू असल्याची खूण) मॅच संपेपर्यंत जिवंत राहतो. आतल्या शाखेत बॉरो-म्यूट (बदलण्यासाठी उसनं) मागितलं की कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्राम चालताना पॅनिक होतो. आधी लेटच्या ओळीत मूल्याची प्रत काढून घ्या, मग त्या प्रतीवर मॅच करा. गार्ड त्या ओळीच्या शेवटीच सुटतो.