कोकणातल्या घरी फोन लागत नसेल तर निरोप कसा ठेवावा?

तुम्ही विचारलंय की आईवडील दापोली तालुक्यातल्या एका वाडीत असतात, तुम्ही ठाण्याला, आणि फोन केला की बहुतेक वेळा ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू येतं. मग अमेरिकेतल्या भावाकडे आहे तसं व्हॉइसमेल त्यांच्या नंबरवर घ्यावं, की एसएमएस, व्हॉट्सॲपवर भागवावं? माझं हर्णैला मोबाइल रिचार्ज-दुरुस्तीचं दुकान आहे आणि हा प्रश्न काउंटरवर नेहमीचाच. माझं मत विचाराल तर व्हॉइसमेलच्या मागे लागू नका. महत्त्वाचं ते एसएमएसने कळवा, बाकी बोलणं व्हॉइस नोटवर.

व्हॉइसमेलमध्ये तुमचा आवाज कंपनीच्या मशीनवर पडून राहतो. तो ऐकायला आईंनी आधी रेंजमध्ये यायचं, मग ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, मग हे ऐकायला एक दाबा, ते पुसायला दोन दाबा. अमेरिकेत हे ऑफिसांतून रुजलं. टेक्सासच्या गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं तेही ऑफिसांच्या सोयीसाठी बनवलेल्या यंत्रणेचं. आपल्याकडे मिस्ड कॉल हाच निरोप होता आणि तो फुकट होता, त्यामुळे पैसे मोजून निरोप ऐकायची सवय कोणाला लागलीच नाही. तुमच्या कामाला मिस्ड कॉल अलर्ट पुरेसा आहे. फोन रेंजमध्ये आला की कोणाचा कॉल येऊन गेला आणि केव्हा, हे मेसेजने कळतं.

एसएमएसला लोक जुनाट समजतात, मला ते पटत नाही. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडमध्ये गेला आणि आजही वाडीवस्तीवर त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. त्याला नेट लागत नाही. तो आधी कंपनीच्या केंद्रात जमा होतो आणि समोरचा फोन बंद असला तर तिथेच थांबून राहतो. आईंच्या फोनला पडवीच्या कोपऱ्यात क्षणभर जरी दांडी आली तरी तो उतरतो. कॉलला मात्र रेंज सतत टिकावी लागते. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर गर्दी होते आणि नेट रखडतं, तेव्हाही एसएमएसचं काम होऊन जातं. सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी रिपोर्ट’ चालू करा, म्हणजे पोहोचला की नाही ते तुम्हाला ठाण्यात बसून कळेल.

एक गोष्ट मात्र सांभाळा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘रत्नागिरी’ दिसायला चार अक्षरं, हिशेबात नऊ. मजकूर ७०च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७च. रोमनमध्ये लिहून शेवटी एक इमोजी टाकलीत तरी मर्यादा ७०वरच येते. म्हणून ‘शनिवारी येतो, गाडी सकाळी’ एवढंच लिहा. मराठीतच लिहा, बाबांना वाचायला सोपं जातं.

व्हॉइस नोटचं मोल वेगळं आहे. व्हॉट्सॲपने ती २०१३ मध्ये आणली आणि ज्यांना टाइप करायचा कंटाळा येतो किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यांची मोठी सोय झाली. न पोहोचलेला निरोप त्यांच्या सर्व्हरवर ३० दिवस राहतो. एक टिक म्हणजे तुमच्याकडून निघाला, दोन म्हणजे त्यांच्या फोनवर उतरला, आणि माइकचं चिन्ह निळं झालं की ऐकला. आमच्या बंदरावर बायका हे फार बारकाईने बघतात. होडी लांब गेली की मोबाइल चालत नाही, तिथे वायरलेसच. घरून पाठवलेली व्हॉइस नोट एका टिकवर अडकलेली असते. होडी सुवर्णदुर्गाच्या अलीकडे येऊ लागली की दुसरी टिक पडते, आणि फोन यायच्या आधीच घरात कळतं की माणूस रेंजमध्ये आला.

आता मूळ दुखण्याबद्दल. घर चिऱ्याच्या जाड भिंतींचं आणि डोंगराच्या कुशीत असेल तर आत रेंज येणारच नाही. वाडीत फायबरचं कनेक्शन मिळत असेल तर ते घ्या आणि दोघांच्या फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. आपल्याकडे ही सोय २०१९च्या अखेरीपासून आली. नेहमीच्याच नंबरवर कॉल येतो, वेगळं ॲप लागत नाही, फक्त फोनमध्ये ती सोय आहे का ते बघून घ्या. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. पावसात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर इकडच्या गावांत वीज आणि नेटवर्क दोन्ही कित्येक दिवस नव्हतं. टॉवरच बंद असेल तर यातलं काहीच चालत नाही. त्यामुळे वादळाच्या आधीच बोलून घ्या आणि रस्त्यालगतच्या एखाद्या शेजाऱ्याचा नंबरही ठेवा. सरकारने २०२३ पासून चाचण्या घेतलेले आपत्तीचे इशारे सेल ब्रॉडकास्टने येतात, म्हणजे टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना ते एकदमच पाठवतो, नंबर लागत नाही. आईंच्या फोनमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ बंद केलेले नाहीत ना, हे या खेपेला नक्की बघा.

रिचार्जची मुदत संपू देऊ नका, नाहीतर काही दिवसांनी येणारे कॉल आणि एसएमएसही थांबतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने) नियम बदलल्यापासून नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक मिळतात, साध्या फोनला तेच घ्या.

आणि आईबाबांना एवढं बजावून ठेवा: अनोळखी माणसाने ‘स्टार ४०१ स्टार’ लावून पुढे अमुक नंबर दाबा असं सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा. त्याने तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवणं थांबवायचा आदेश काढला होता, तरी गावी गेलात की दोघांच्या फोनमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून तिथे कुठला परका नंबर बसलेला नाही ना, ते बघून या.